हिशेबाची वही : बोईसर ते न्यू जर्सी, अंतराचा आणि वेळेचा हिशेब

जानेवारी महिन्यातील एक रात्र. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना रंग-रसायने पुरविणाऱ्या बोईसरच्या एका कुटुंबात, रात्री नऊच्या सुमारास, घरातील कर्त्या पुरुषाचे हृदयविकाराने निधन झाले. थोरला मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात नोकरीला. धाकट्या काकांनी त्याला फोन लावला, तेव्हा तेथे सकाळचे साडेदहा वाजले होते. रडण्याचा पहिला भर ओसरल्यावर काकांनी एकच प्रश्न विचारला : "बेटा, किती तासांत पोहोचशील?" मुलाने समोरच्या पडद्यावर पाहून सांगितले : "काका, थेट विमान आहे. साडेचौदा तास."

घरच्यांनी बोटांवर हिशेब केला. रात्रीचे नऊ अधिक साडेचौदा, म्हणजे उद्या सकाळचे साडेअकरा. विमानतळावरून बोईसरला येण्यास तीन तास. थोडे मागेपुढे धरून उद्या दुपारी चार वाजता अंत्ययात्रा काढावी, असे ठरले. वापी, डहाणू, पालघर, भिवंडी येथील नातेवाइकांना तसे निरोप गेले. रात्री बाराच्या सुमारास मुलाचा पुन्हा फोन आला. त्या दिवसाचे थेट विमान त्याला मिळू शकले नव्हते. फोन आला तेव्हा ते सुटायला एकच तास उरला होता. त्याने दुसऱ्या दिवसाचे थेट विमान घेतले होते. त्या विमानाने तो बोईसरच्या घरी पोहोचणार होता परवा दुपारी साडेचारला.

उद्याचे चार आणि परवाचे साडेचार यांत एका पूर्ण दिवसाचे अंतर होते. वडीलधाऱ्या मंडळींनी पहाटे पुन्हा बसून विचार केला. अंत्यविधी लांबवू नये, हा समाजातील जुना प्रघात. त्यातच निम्मे नातेवाईक घरून निघालेही होते. सकाळी दहा वाजता पुतण्याने अग्नी दिला. न्यू जर्सीत तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मुलगा भरलेली बॅग शेजारी ठेवून, स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून, हे सारे फोनच्या पडद्यावर पाहत होता.

या प्रसंगात कोणी कोणाला खोटे सांगितले नाही. विमान खरोखरच साडेचौदा तासांचे होते. चूक आकड्यात नव्हती. घरच्यांनी एक प्रश्न विचारला होता आणि पडद्याने दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले होते. घरच्यांचा प्रश्न होता, "मुलगा घरी कधी येईल?" पडद्याचे उत्तर होते, "विमान आकाशात किती वेळ राहील?" परदेशी मुले, मुली, नातवंडे असलेल्या प्रत्येक कुटुंबाने या दोन प्रश्नांतील भेद शांतपणे, वेळ आहे तोवर, समजून घ्यावा.

प्रथम अंतराचा विचार करू. मुंबईहून दुबई हवाई मार्गाने सुमारे १,९३० किलोमीटर, सिंगापूर सुमारे ३,९००, नैरोबी सुमारे ४,५००, ब्रुसेल्स सुमारे ६,९००, लंडन सुमारे ७,२०० आणि न्यू जर्सीतील न्यूअर्क सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. मोठ्या प्रवासी विमानाचा वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास असतो. भागाकार केला तर दुबई दोन तासांहून थोडी अधिक, लंडन आठ तास आणि न्यूअर्क चौदा तास येते. प्रत्यक्षात दुबईला सुमारे तीन, लंडनला साडेनऊ ते दहा आणि न्यूअर्कला जाताना पंधरा ते सोळा तास लागतात. हा फरक कोठून येतो?

त्याचे पहिले कारण म्हणजे चढण्या-उतरण्याचा व धावपट्टीपर्यंत जाण्याचा वेळ. जवळच्या प्रवासात त्याचे प्रमाण अधिक भासते. दुसरे कारण म्हणजे वारा. उत्तर गोलार्धात फार उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. पश्चिमेकडे जाणारे विमान या वाऱ्यांच्या विरुद्ध जाते, पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात. म्हणून मुंबईहून न्यूअर्कला जाण्यास सोळा तास लागले तरी येण्यास साडेचौदा तास पुरतात. जाण्याचे आणि येण्याचे तास सारखे धरणे, ही हिशेबातील पहिली चूक होय.

तिसरे कारण अधिक रंजक आहे. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूअर्क यांना पट्टीने जोडले, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. परंतु पृथ्वी गोल आहे. घरात मुलांचा पृथ्वीगोल असल्यास दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून पाहावा. तो पश्चिमेकडे न जाता वायव्येकडे चढतो; पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया ओलांडून उत्तर ध्रुववृत्ताच्या जवळपास पोहोचतो आणि मग कॅनडामार्गे खाली उतरतो. गोलावरील दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता हाच. साडेबारा हजार किलोमीटर हे अंतर या दोऱ्याचे आहे.

मात्र दोरा ज्या देशांवरून जातो, त्या देशांच्या आकाशाला कुंपण असते. पहलगामच्या घटनेनंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, भारतानेही तसेच केले, आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. २०१९ मध्येही बालाकोटनंतर काही महिने हीच स्थिती होती. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनच्या युद्धामुळे रशियाचे आकाश युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना बंद झाले. अशा वेळी विमान वळसा घालून जाते, काही वेळा इंधनासाठी मध्ये उतरते. शहरे जागच्या जागी असतात, त्यांच्यातील अंतर एक मीटरनेही बदललेले नसते. पण प्रवासाचे तास वाढलेले असतात. म्हणून गेल्या वर्षीच्या अनुभवावर यंदाचा हिशेब मांडू नये.

व्यापारी कुटुंबांना हे नवे वाटू नये, कारण मालाच्या बाबतीत त्यांनी ते अनेकदा पाहिले आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि भारत-युरोप सागरी मार्ग सुमारे ७,००० किलोमीटरने तोकडा झाला. मुंबईच्या बंदराची भरभराट झाली, त्यात या कालव्याचा मोठा वाटा होता. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा अनेक जहाजे पुन्हा आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोपकडील माल दहा ते चौदा दिवस उशिरा पोहोचू लागला. न्हावा शेवा आणि रॉटरडॅम आपापल्या जागीच होते. तारापूरहून रसायने निर्यात करणाऱ्यांना त्या काळात लेटर ऑफ क्रेडिटमधील अखेरच्या तारखा किती काटेकोरपणे सांभाळाव्या लागल्या, हे त्यांना वेगळे सांगावयास नको. बँकेला जहाजाने किती किलोमीटर कापले याच्याशी कर्तव्य नसते. कागद कोणत्या तारखेला आले, एवढेच ती पाहते.

थेट मार्ग कायमचे नसतात, हेही लक्षात ठेवावे. बेल्जियममधील अँटवर्प या हिऱ्यांच्या पेठेत अनेक जैन कुटुंबे स्थायिक आहेत. अँटवर्पला जवळचा मोठा विमानतळ ब्रुसेल्सचा. २००७ मध्ये जेट एअरवेजने ब्रुसेल्सला आपले युरोपातील केंद्र केले आणि मुंबईच्या हिरे-व्यापाऱ्याला रात्री निघून सकाळी पेढीवर पोहोचणे शक्य झाले. २०१६ मध्ये ते केंद्र अ‍ॅमस्टरडॅमला हलले आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीची उड्डाणेच थांबली. अँटवर्प मुंबईपासून एका किलोमीटरनेही दूर गेले नाही. पण पेढीवर पोहोचण्याचे तास वाढले.

आता वेळेच्या फरकाकडे वळू. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरली आहे. म्हणून ती ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास. मुंबई आणि बोईसर जवळजवळ ७३ अंशांवर आहेत. मुंबईची स्वतःची जुनी वेळ ग्रिनिचच्या पुढे चार तास एकावन्न मिनिटे होती आणि शहराने ती १९५५ पर्यंत सांभाळली. जुन्या पिढीतील मंडळींना 'बॉम्बे टाइम' हा शब्द आठवत असेल. तेव्हा वेळ ही निसर्गाने दिली असली, तरी घड्याळ माणसांनी ठरविलेले आहे.

दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे, सिंगापूरचे अडीच तास पुढे. या दोन्ही ठिकाणी ते वर्षभर तसेच राहते. युरोप-अमेरिकेत मात्र उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात. म्हणून लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, तर उन्हाळ्यात साडेचार. अँटवर्प हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. न्यू जर्सी हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधले काही आठवडे दोघांचे गणित निरनिराळे असते.

तिकिटावरील सुटण्याची वेळ सुटणाऱ्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या शहराची असते. समजा, मुंबईहून हिवाळ्यात रात्री एकला विमान सुटले आणि सोळा तास उडाले. भारतात तेव्हा सायंकाळचे पाच वाजतील. त्यातून साडेदहा तास वजा केले की न्यूअर्कला सकाळचे साडेसहा. तिकिटावर एक ते साडेसहा असे दिसते आणि घरातील वृद्धांना वाटते, साडेपाच तासांचाच प्रवास. उलट येताना विमान तेथून सकाळी साडेअकराला सुटले, तर भारतात रात्रीचे दहा वाजलेले असतात. साडेचौदा तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला ते मुंबईत उतरते. तिकिटावर पंचवीस तास दिसतात. म्हणून नियम एकच : दोन्ही वेळा प्रथम भारतीय वेळेत आणाव्यात, मग वजाबाकी करावी.

बँकेच्या व्यवहारात नोंदीची तारीख वेगळी आणि व्हॅल्यू डेट वेगळी असते. पैसे खात्यात दिसले म्हणजे ते वापरता येतात, असे नव्हे. प्रवासाचेही तसेच आहे. विमान मुंबईत उतरले ही नोंदीची तारीख. माणूस घराच्या उंबरठ्यावर आला ही व्हॅल्यू डेट. घरातील निर्णय दुसऱ्या तारखेवर घ्यावयाचे असतात.

पालघर-बोईसरकरांसाठी या दोन तारखांमधील फरक मुंबईकरांपेक्षा मोठा आहे. लोहमार्गाने पालघर चर्चगेटपासून सुमारे ९१ किलोमीटर आणि बोईसर सुमारे १०३ किलोमीटर. २०१३ मध्ये लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागली आणि रोजच्या प्रवाशांची मोठी सोय झाली. परंतु दोन मोठ्या बॅगा, वृद्ध आई आणि मध्यरात्रीचे विमान यांसाठी लोकल उपयोगी नाही. मोटारीनेच जावे लागते. बोईसरहून चिल्हार फाटा किंवा पालघरहून मनोर गाठावयाचे, तेथून अहमदाबाद महामार्ग, विरार फाटा, वसईची खाडी, घोडबंदर आणि मग मुंबईची वाहतूक. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. पहाटे रस्ता मोकळा असेल तर अडीच तास, सायंकाळी चार तास आणि पावसाळ्यात महामार्गावर एखादा ट्रक उलटला तर त्याहूनही अधिक. दुबईला जाणाऱ्या बोईसरकराचा रस्त्यावरचा वेळ अनेकदा आकाशातल्या वेळेपेक्षा मोठा असतो.

त्यात आता मुंबईला दोन विमानतळ झाले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पालघर जिल्ह्यातून तो जुन्या विमानतळापेक्षा अधिक दूर पडतो. तिकिटावर जुन्या विमानतळाची खूण 'बीओएम' आणि नव्याची 'एनएमआय' अशी असते. ही तीन अक्षरे निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा वाचावीत. अंधेरीच्या विमानतळावर उभे राहून उलव्याचे विमान पकडता येत नाही.

पुढे या भागाचे चित्र बदलेल. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेच्या ५०८ किलोमीटरच्या मार्गावर बारा स्थानके आहेत आणि त्यांतील एक बोईसर आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराच्या ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. बंदराविषयी मच्छीमार व शेतकरी कुटुंबांच्या मनात चिंता आहेत आणि त्या व्यापाऱ्यांनीही समजून घेण्याजोग्या आहेत. तथापि, होणाऱ्या गोष्टींचे तास आजच्या हिशेबात धरता येत नाहीत.

आता बोईसर ते न्यू जर्सी हा प्रवास दारापासून दारापर्यंत मांडू. रात्री एकचे विमान. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे दहाला पोहोचणे आवश्यक. सायंकाळची वाहतूक धरून घरून सहाला निघावे. दुसऱ्या दिवशी भारतीय वेळेनुसार सायंकाळी पाचला विमान उतरेल. तेथील तपासणी आणि सामान यांत दीड तास, मोटारीने घरापर्यंत पाऊण तास. म्हणजे सव्वासात. एकूण सव्वापंचवीस तास. त्यांत विमानाचे सोळा, म्हणजे दोन तृतीयांशांहूनही कमी. ज्याने फक्त सोळा तास लक्षात ठेवले, त्याने हिशेबाच्या वहीचे तिसरे पान वाचलेच नाही.

या प्रवासाचा एक भाग चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांशी संबंधित आहे. जानेवारीत बोईसरला सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. मध्यरात्री सुटलेले विमान पश्चिमेकडे जात असते, म्हणजे सूर्योदयापासून पळत असते. उत्तरेकडील हिवाळी रात्र लांब असते. न्यूअर्कला सूर्य उगवतो तेथील सकाळी सात-वीसच्या आसपास. भारतात तेव्हा सायंकाळचे पाच-पन्नास झालेले असतात. सूर्यास्त ते सूर्योदय ही एकच रात्र साडेतेवीस तासांची होते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्या किंवा सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीने हे आधी जाणून, आपल्या डॉक्टरांशी आणि आपल्या गुरुजनांशी बोलून, काय करावयाचे ते घरीच ठरवावे. दिवसाचे विमान हा एक पर्याय असतो. जैन भोजनाची मागणी अनेक विमान कंपन्यांकडे 'व्हीजेएमएल' या खुणेने नोंदविता येते. पण ती एक-दोन दिवस आधी नोंदवावी लागते आणि ऐनवेळी काढलेल्या तिकिटावर मिळेलच असे नाही. कोरडा खाऊ सोबत असावा.

पूर्वीच्या प्रवासांशी तुलना केली, तर आजचे तास थोडेच वाटतात. १८९३ मध्ये वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले, ते जहाजाने. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका लहान विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९६० मध्ये जेट विमाने आली आणि मुंबई-न्यूयॉर्क प्रवास लंडनमार्गे सुरू झाला. त्या काळी परदेशी गेलेला मुलगा अंत्यविधीला येईल, अशी अपेक्षाच कोणी करीत नसे. तार जाई, पत्र येई. आज अपेक्षा निर्माण झाली आहे, म्हणून तिचे दुःखही निर्माण झाले आहे.

आता आरंभीच्या प्रसंगाकडे परत जाऊ. दिवसकार्य आटोपल्यावर धाकट्या काकांनी आणि मुलाने बसून त्या रात्रीचा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मुलाने दुःखाच्या भरात सर्वांत कमी तासांचे विमान निवडले होते, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे थेट विमान. त्याच रात्री दहा वाजता दुबईमार्गे जाणारे एक विमान होते. ते भारतीय वेळेनुसार सकाळी साडेआठला सुटले असते. साडेबारा तासांनी रात्री नऊला दुबई, तेथे तीन तासांचा थांबा, मध्यरात्री पुढचे विमान, पहाटे तीनला मुंबई, चारला बाहेर आणि मोकळ्या रस्त्याने साडेसहाला बोईसर. तो प्रवास थेट प्रवासापेक्षा चार तासांनी लांब होता. पण मुलगा घरी दहा तास आधी पोहोचला असता. कमी तासांचे विमान आणि लवकर पोहोचविणारे विमान या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

तरीही तो साडेतेहतीस तासांनीच पोहोचला असता. एवढी वाट पाहावयाची की नाही, हा प्रत्येक घराचा स्वतंत्र निर्णय. शवपेटीची सोय करून एक रात्र थांबणारी कुटुंबे आहेत, न थांबणारीही आहेत. कोणालाही दोष देण्याचे कारण नाही. परंतु हा निर्णय खऱ्या आकड्यावर व्हावा. रात्री नऊलाच साडेतेहतीस हा आकडा समोर असता, तर नातेवाइकांना दोनदा निरोप द्यावे लागले नसते, आईला मध्यरात्री दुसरा धक्का बसला नसता आणि मुलाच्या मनात "मी सांगितले तसे आलो नाही" ही बोच राहिली नसती. काका त्याला म्हणाले, "तू चुकला नाहीस. आम्ही अर्धाच प्रश्न विचारला." ते ऐकून मुलगा बराच वेळ काही बोलला नाही.

आज त्या घरातील खातेवहीच्या शेवटच्या पानावर एक तक्ता चिकटविलेला आहे. ज्या घरांतील मुले बाहेर आहेत, त्यांनीही तसा करून ठेवावा. त्यात परदेशी असलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे चार आकडे असावेत : त्याच्या घरापासून विमानतळापर्यंतचे तास, थेट व एका थांब्याच्या प्रवासाचे तास आणि दिवसातील सुटण्याच्या वेळा, मुंबईत उतरल्यापासून आपल्या दारापर्यंतचे तास, दिवसाचे व रात्रीचे वेगळे, आणि या सर्वांची बेरीज. दर सहा महिन्यांनी, घड्याळे बदलली की, तक्ता तपासावा.

त्याखाली कागदपत्रांची नोंद असावी. पासपोर्टची मुदत, परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे ओसीआय कार्ड, नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांचा परत जाण्याचा शिक्का. ज्या देशात विमान बदलावयाचे, त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही पाहावे. हे नियम देशागणिक निराळे असतात आणि बदलत राहतात. ऐनवेळी सर्वांत जवळचा मार्ग याच एका कागदावाचून बंद होतो. एक गोष्ट मात्र कोणाची वाट पाहत नाही : नेत्रदान साधारणपणे सहा तासांच्या आत व्हावे लागते. त्याविषयीची इच्छा घरात आधीच बोलून ठेवलेली असावी, म्हणजे त्या घटकेला दूरच्या मुलाची संमती विचारण्यात वेळ जात नाही.

व्यापाऱ्याच्या घरी उधारीचा, मालाचा, व्याजाचा हिशेब रोज लिहिला जातो. आपल्या माणसांच्या अंतराचा हिशेब मात्र कोणी लिहीत नाही, कारण तो लिहिणे अशुभ वाटते. विम्याचा हप्ता भरताना कोणी अशुभ चिंतीत नसतो. हेही तसेच समजावे. या रविवारी परदेशी मुलाला फोन करताना नेहमीच्या विचारपुशीबरोबर एवढे विचारावे : "तुझ्या दारापासून आपल्या दारापर्यंत किती तास?" उत्तर आले की ते वहीत लिहून ठेवावे आणि वही मिटावी.